मेस्कितालचा लसूणघास

मेक्सिको सिटी

तीर्थरूप नाना,


तळी आटवून त्यांच्या गाळावर हे शहर वसवलं, आणि आता त्याच्याच पोटातलं पाणी उपसल्यामुळे ते खचतंय. काही भागांत वर्षाला ५० सेंटिमीटरपर्यंत! १९१० सालचा स्वातंत्र्यस्तंभ आज पाहिला. तो खोल खांबांवर उभा असल्याने जागीच राहिला, भोवतालचा रस्ता मात्र खाली गेला. वर चढायला १४ पायऱ्या नव्याने बांधाव्या लागल्या.

शहर २,२४० मीटर उंचीवर. कुत्सामाला योजनेचं पाणी हजार मीटरहून जास्त चढवून इथे आणतात, तरी शहरातल्या इस्तापालापा भागात बायका पिंपं मांडून टँकरची वाट बघतात. आणि आभाळातून फुकट पडणारं पाणी? ते मैल्याबरोबर एकाच गटारात जातं. ते बाहेर काढायला ६२ किलोमीटरचा बोगदा खणला, २०१९ साली तो सुरू झाला. माझा जीव तुटला हे ऐकून.

तुला, हिदाल्गो

नाना, आपल्याकडे मुंढव्याहून कालव्यात शहराचं सांडपाणी येतं, तसं पाणी तिकडे कोणी शेतीला वापरतं का, असं तुम्ही विचारलं होतंत. इथे मेस्किताल खोऱ्यात शंभराहून अधिक वर्षं राजधानीच्याच सांडपाण्यावर शेती चालते. काल पाटाच्या कडेला उभी होते. पाणी काळपट, वर साबणाचा फेस, वास नाकात बसणारा. एका शेतकऱ्याने फावड्याने दारं मोडलं आणि लसूणघासाच्या वाफ्यात पाणी वळवलं. घास गुडघ्याच्या वर! मका तसाच तरारलेला. कच्च्या खायच्या भाज्यांना मात्र या पाण्यावर बंदी आहे. झिरपलेल्या पाण्याने भूजल इतकं वाढलं की कोरड्या मुलखात झरे फुटले.

पण कच्च्या सांडपाण्याच्या शेतांजवळच्या मुलांच्या पोटात जंत जास्त सापडले, हेही अभ्यासकांनी नोंदवलंय. अलीकडे अतोतोनिल्कोला प्रचंड शुद्धीकरण केंद्र झालं. शेतकरी धास्तावलेत, पाण्यातला कस गेला तर खत विकत घ्यावं लागेल म्हणून. त्यांची भीती खरी आहे, तरी शुद्धीकरण हवंच. स्वस्त खतापायी पोरांनी जंत का सोसावेत? खताचा भार शहराने उचलावा. इतकी वर्षं त्याची घाण या माणसांनी जिरवली आहे.

इथलं भूजल पुन्हा राजधानीला न्यायचाही बेत आखला गेला होता. त्याआधी शहराने आपल्या गळक्या नळांकडे बघावं, हे माझं ठाम मत.

आईला नमस्कार सांगा. कालव्याच्या पाण्याची तपासणी मात्र करून घ्याच, विहिरीचीसुद्धा.

तुमची,
माई