बाईंना काय द्यावे?

वाचकहो, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. काही उन्हाने थकलेले असतात, तर काही परीक्षा संपवून घरी बसलेल्या नातवंडांनी थकवलेले आजी-आजोबा असतात. या दुसऱ्या गटातील एका आजोबांनी गेल्या वर्षी रक्तदाब तपासून झाल्यावर, पिशवी उचलता उचलता मला विचारले, "मॅडम, एक विचारायचं होतं. औषधाचं नाही. नातवाच्या बाईंना काय द्यावं?"

त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून ही हकीकत सांगते.

आमचे वालचंदनगर हे कारखान्याभोवती वसलेले गाव. इंदापूर तालुक्यातील या माळावर शेठ वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा केला. पुढे येथे अवजड यंत्रे तयार होऊ लागली आणि अवकाशयाने वर नेणाऱ्या प्रक्षेपकांचे भागही घडू लागले. येथील कित्येक घरांत आजोबा टर्नर किंवा फिटर म्हणून निवृत्त झालेले असतात आणि मुलगा-सून नोकरीसाठी पुण्याकडे गेलेले असतात. नातवंड मात्र आजीच्या हातचे खात येथेच वाढते. हे आजोबा त्यांपैकीच. नातू नऊ वर्षांचा, आणि त्याला दोन वर्षांपासून टाइप १ मधुमेह.

या आजारात शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. ते बाहेरून टोचावेच लागते. आजी सत्तरीला टेकलेली, पण चष्मा पुसून सिरिंजवरील बारीक रेषा मोजायला शिकली. घरची बाजू सांभाळली गेली. भीती होती ती शाळेच्या पाच-सहा तासांची. इन्सुलिन घेतलेले मूल डबा अर्धवट खाते, मैदानावर धावते, आणि रक्तातील साखर एकाएकी खाली येते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा वर्गशिक्षिका स्वतः दवाखान्यात आल्या. मी बोलावले नव्हते. हातात वही होती. "त्याची साखर कमी झाली हे मला कसं कळेल, तेवढंच सांगा," म्हणाल्या. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या: घाम, थरथर, भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे. मोजणी ७० मिलिग्रॅमच्या खाली आली, तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, आणि अजून कमी असेल तर तेच पुन्हा करायचे. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. त्याला कुशीवर वळवायचे आणि तातडीने रुग्णालयात न्यायचे. आपल्या घरात इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे कोणी असेल, तर हे चार नियम तुम्हीही लक्षात ठेवा.

ऑगस्टमध्ये एके दिवशी कवायतीनंतर तो मुलगा वर्गात विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागला. मुले हसली. दुसऱ्या कोणी त्याला वात्रट ठरवून उभे केले असते. बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ ओले आणि गार होते. त्यांनी टेबलाच्या खणातील डबा काढला, साखरेचे पाणी पाजले, १५ मिनिटे त्याच्या शेजारी बसून राहिल्या आणि साखर वर आल्यावरच आजोबांना फोन केला.

अशा बाईंना काय द्यावे, हा आजोबांचा प्रश्न होता. त्यांनी मनाशी ठरवलेही होते: एक भारी साडी आणि दोन किलो पेढे. निवृत्तिवेतन बेताचे, त्यात इन्सुलिनचा आणि पट्ट्यांचा खर्च. साडीसाठी ते बारामतीला जाणार होते आणि पैसे कोणाकडून तरी हातउसने घेणार होते. पेढ्यांचे नाव ऐकताच मी गप्प झाले. कारण तीस वर्षांपूर्वी मीही पेढेच नेले होते.

माझे वडील कारखान्यातच होते. दहावीनंतर मला घरी बसवण्याचे घाटत असताना गणिताचे सर सलग तीन संध्याकाळी आमच्या घरी आले. वडिलांशी काय बोलले ते मला कळले नाही, पण चौथ्या दिवशी माझा अकरावीचा अर्ज भरला गेला. एम.बी.बी.एस. झाल्यावर मी मोठ्या दिमाखात त्यांच्याकडे गेले आणि एक किलो पेढ्यांचा पुडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एक पेढा उचलला, त्याचा चतकोर तुकडा मोडला आणि बाकीचा पुड्यात परत ठेवला. मग हसून म्हणाले, "डॉक्टर झालीस ना? मग पेशंटला आधी विचारायचं असतं, काय होतंय." सरांना बारा वर्षांपासून मधुमेह होता. गावात सर्वांना ठाऊक होते. मी कधी विचारलेच नव्हते.

त्या दिवशी मी पेढे देऊन मोकळी झाले. तुम्ही तीन संध्याकाळी आला नसता तर मी आज कुठे असते, हे वाक्य माझ्या मनात होते, पण ओठांवर आले नाही. वाटले, सवड मिळाली की निवांत पत्र लिहू. सवड मिळाली नाही, आणि काही वर्षांनी सर गेले. भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलाने एक जुनी फाइल दाखवली. त्यात विद्यार्थ्यांची पोस्टकार्डे होती, आंतरदेशीय पत्रे होती, कोणाच्या नोकरीची बातमी, कोणाच्या लग्नाची. शेवटच्या आजारपणात सर ती वाचून घ्यायचे, असे तो म्हणाला. मी फाइल शेवटपर्यंत चाळली. त्यात माझे काहीच नव्हते.

हे सारे मी आजोबांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण मॅडम, माझा हात थरथरतो. अक्षर लागत नाही." मी म्हटले, "तुम्ही सांगा, नातवाला लिहू द्या." आठवडाभर संध्याकाळी त्यांचे हे काम चालले होते. आजोबा सांगत, नातू लिही, मध्येच दोघांत वाद होई. "खूप खूप आभार" एवढ्यावर ते थांबले नाहीत. ऑगस्टमधील तो दिवस त्यांनी जसाच्या तसा लिहिला. त्या फोननंतर आजी देवापुढे किती वेळ बसली होती, तेही लिहिले. नातवाने शेवटी स्वतःचे एक वाक्य घातले: "त्या दिवशी तुम्ही मुलांना हसू नका म्हणालात ते मला जास्त आवडले." आजोबांना हे माहीतच नव्हते. आजीने जुन्या सुती लुगड्याची चौकोनी घडी शिवून खुर्चीवर ठेवायचे आसन केले, कारण बाईंची कंबर दुखते हे नातवाने सांगितले होते. साडीचा बेत आपोआप बारगळला.

आता, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हाच प्रश्न असेल त्यांच्यासाठी डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगते.

शिक्षकांचे आजार मी रोज पाहते. दिवसभर बोलून बसलेला आवाज, सतत उभे राहून पायांवर उमटलेल्या फुगीर शिरा, टाचदुखी, आणि पाणी कमी प्यायल्याने व लघवी रोखून धरल्याने वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. काही वस्तूच द्यायची असेल, तर या शरीराचा विचार करून द्यावी. चांगली पाण्याची बाटली, पायांना आराम देणारी चप्पल घेण्यासाठी पालकांनी मिळून दिलेली लहानशी रक्कम, किंवा घरच्या झाडाची लिंबे. मिठाई देण्यापूर्वी मधुमेह आहे का, आणि अत्तर किंवा उदबत्ती देण्यापूर्वी दमा आहे का, याची चौकशी करावी.

भेट निकालाच्या आधी देऊ नये. आपल्याकडे पुष्कळ शाळांत १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, निकाल लागतो. गुणपत्रिका हाती आल्यावर दिलेल्या भेटीत कोणाला हेतू दिसत नाही. सरकारी व जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना वर्तणुकीचे नियम लागू असतात, त्यामुळे महागडी वस्तू देणे म्हणजे त्यांना अडचणीत टाकणे होय.

पालकांच्या गटात वर्गणी ठरवताना वर्गातील सर्वांत गरीब घर डोळ्यांसमोर ठेवावे. आमच्या भागात उसाच्या हंगामात ऊसतोड कामगारांची मुले येतात आणि बहुधा वार्षिक परीक्षेआधीच परत जातात. त्यांच्या बापाकडे वर्गणी मागण्यात काय अर्थ? आणि आभार मानताना खिचडी शिजवणाऱ्या ताई, शाळेतील सेविका व रिक्षावाले काका यांना विसरू नये.

भीमेपलीकडे, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. शिक्षकाला पैशाची गरज नसते, असे यावरून मुळीच म्हणू नये. पण एका प्राथमिक शिक्षकाने त्या क्षणी आधी आपल्यासारख्याच इतरांचा विचार केला, हे मला विसरता येत नाही.

१ मेच्या संध्याकाळी आजोबा दवाखान्यात आले. निकाल चांगला होता. बाईंनी पत्र तेथे उघडले नाही, पर्समध्ये ठेवले, म्हणून ते थोडे खट्टू झाले होते. दोन दिवसांनी बाईंचा मला फोन आला. पत्राबद्दल त्या फार बोलल्या नाहीत, बोलता येत नव्हते असे वाटले. मग म्हणाल्या, "डॉक्टर, पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्या बाई आहेत. त्यांना घेऊन जूनमध्ये येते. तो डबा आणि वही त्यांच्या हवाली करायची आहे."

वाचकहो, तुमचे वय साठ असो की ऐंशी, तुमचे कोणी शिक्षक अजून हयात असतील, किंवा तुमच्या नातवंडाला कोणी जपत असेल, तर एक कागद घ्या. हात थरथरत असेल तर सांगा आणि दुसऱ्याला लिहू द्या. दिवस कोणता, घडले काय, त्याने तुमचे काय वाचले, एवढेच लिहा. मला तिसरीत शिकवणाऱ्या बाई आता नव्वदीच्या आहेत. मागच्या मे महिन्यात मी त्यांना पत्र टाकले. पेढे नेले नाहीत. जाण्याआधी त्यांच्या सुनेला फोन करून विचारले, बाईंना काय होतंय.