स्ट्रक्टचे इन्स्टन्स आणि त्यांच्या प्रॉपर्टी

चि. ओंकार यास,


स्विफ्टमध्ये स्ट्रक्ट लिहून झाला तरी हाती अजून काहीच आलेले नसते. स्ट्रक्ट हा छापलेला कोरा फॉर्म. भरलेला प्रत्येक फॉर्म म्हणजे त्याचा एक इन्स्टन्स. समजा, एसटीसाठी ‘गाडी’ नावाचा स्ट्रक्ट आहे. त्यात ‘मार्ग’ ही स्ट्रिंग, ‘आसने’ आणि ‘प्रवासी’ हे पूर्णांक. आसने बदलत नाहीत, म्हणून ती ‘लेट’ने लिहिलेली; उरलेल्या दोन प्रॉपर्टी ‘व्हार’ने, आणि प्रवासी सुरुवातीलाच ०. (स्विफ्टला देवनागरी नावे खरोखर चालतात, ‘स्ट्रक्ट’, ‘लेट’ असे भाषेचे स्वतःचे शब्द आणि आकडे मात्र रोमनमध्ये लिहावे लागतात.)

इन्स्टन्ससाठी स्ट्रक्टचे नाव आणि कंस पुरतो:

व्हार पहिली = गाडी(मार्ग: "पुणे–सातारा", आसने: ४४)

हा मेंबरवाइज इनिशियलायझर कंपायलर स्वतःच पुरवतो. प्रॉपर्टी ज्या क्रमाने लिहिल्या, त्याच क्रमाने लेबले द्यावी लागतात. आरंभीची किंमत असलेली ‘व्हार’ प्रॉपर्टी गाळता येते. ही सवलत २०१९च्या स्विफ्ट ५.१पासूनची. ‘मार्ग’ गाळला तर मात्र प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. सी भाषेत फंक्शनच्या आत स्ट्रक्टचे व्हेरिएबल न भरता सोडता येते आणि फील्डमध्ये मेमरीतला कचरा निघतो. त्यापुढे स्विफ्टचा हट्टीपणा परवडला. स्ट्रक्टमध्ये स्वतःचा इनिशियलायझर लिहिला की हा आयता मिळालेला नाहीसा होतो. दोन्ही हवे असतील तर स्वतःचा एक्स्टेन्शनमध्ये लिहायचा.

प्रॉपर्टी वाचायची किंवा बदलायची ती टिंब देऊन: पहिली.प्रवासी = ३०. पहिली.आसने बदलू पाहिले तर एरर येते, कारण ती प्रॉपर्टीच ‘लेट’. पण ‘पहिली’ हेच नाव ‘लेट’ने जाहीर केले असते, तर ‘प्रवासी’ ‘व्हार’ असूनही बदलता आले नसते. नवशिके अडखळतात ते इथेच. स्ट्रक्टचा इन्स्टन्स हे एक अखंड मूल्य आहे; त्यातला एक आकडा बदलणे म्हणजे सगळे मूल्य बदलणे. क्लासचे तसे नसते. तिथे नावात फक्त संदर्भ असतो, म्हणून ‘लेट’ असले तरी आतल्या ‘व्हार’ प्रॉपर्टी बदलतात.

मूल्य म्हटले की नक्कल ओघाने आलीच. ‘व्हार दुसरी = पहिली’ लिहून दुसरीत १० प्रवासी केले, तरी पहिलीत ३०च राहतात.

ॲरेवर लूप चालवताना हीच गोष्ट फार छळते. ‘डेपो’ या ॲरेतल्या सगळ्या गाड्या रिकाम्या करायच्या आहेत. साध्या ‘फॉर’ लूपमधले नाव ‘लेट’ असल्याने कंपायलर अडवतो. तिथे ‘व्हार’ घातले की एरर जाते, पण बदल होतो तो नकलेत. ॲरे जशीच्या तशी राहते. उघड एररपेक्षा ही मुकी चूक वाईट. म्हणून ‘डेपो.इंडायसेस’वर लूप चालवून ‘डेपो[क्र].प्रवासी = ०’ असे थेट जागेवर लिहायचे.

स्ट्रक्टच्या आतल्या मेथडला स्वतःच्या प्रॉपर्टी बदलायच्या असतील, तर तिच्याआधी ‘म्यूटेटिंग’ लागते, आणि अशी मेथड ‘लेट’ इन्स्टन्सवर चालत नाही. बाहेरच्या फंक्शनचा पॅरामीटर मुळातच न बदलणारा असतो; मूळ इन्स्टन्समध्येच बदल हवा असेल तर तो ‘इनआउट’ करायचा आणि हाक मारताना नावाआधी अँपरसँड द्यायचा.

तुझा,
मामा