पहाटेचं स्वप्न

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असा आजीचा पक्का विश्वास होता. एकदा स्वप्नात तिचा भाऊ अंगणात उपाशी उभा दिसला. उठल्या उठल्या तिने भाकऱ्या थापल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि मला सोबत घेऊन पहिली एस.टी. धरली. भाऊ ठणठणीत होता, म्हशीची धार काढत होता. पण वाटणीवरून धरलेला अबोला त्या दिवशी सुटला.

पहाटेची स्वप्नं ठळक का, हे पुढे कळलं. डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप साधारण दर दीड तासाने येते. रात्रीच्या सुरुवातीला ती काही मिनिटांचीच असते, पहाटेकडे लांबत जाते. त्यातूनच जाग आली की स्वप्न लक्षात राहतं.

बाबा गेल्यावर असंच एक मला पडलं. गजर बंद करून पुन्हा डोळा लागला आणि आम्ही दोघं सायकलचं पंक्चर काढत बसलो. बादलीत ट्यूब दाबायची, बुडबुडे शोधायचे, पॉलिशपेपरने घासायचं, सोल्युशनवर फुंकर मारायची. अख्खी दुपार गेली. जागी झाले तेव्हा घड्याळ जेमतेम दहा मिनिटं पुढे सरकलं होतं.

एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड मोरी या फ्रेंच विद्वानाच्या मानेवर झोपेत पलंगाची दांडी पडली. जाग येण्याआधी क्रांतीतला खटला, गर्दी, गिलोटिन, एवढं सगळं त्याने स्वप्नात पाहिलं; ते दांडी पडल्यावरच्या क्षणात घडलं, असं त्याला वाटलं. म्हणून स्वप्न क्षणात घडतं, अशी समजूत रुजली. 1957 च्या अभ्यासात डिमेंट आणि क्लाइटमन या संशोधकांनी झोपलेल्यांना डोळ्यांच्या जलद हालचालींच्या झोपेच्या पाचव्या किंवा पंधराव्या मिनिटाला उठवून स्वप्न किती वेळ चाललं याचा अंदाज विचारला. बहुतेकांनी बरोबर सांगितला. स्वप्नातला वेळ जवळपास जागेपणीच्याच गतीने चालतो, फक्त मधलं बरंच गाळतो. मला याचा फार आधार वाटला. दुपार नसेल, पण ती काही मिनिटं मी बाबांजवळ खरोखर होते.

स्वप्नावर विश्वास ठेवणारी आजी काही एकटी नव्हती. 2009 च्या अभ्यासात मोरवेज आणि नॉर्टन या संशोधकांनी बॉस्टनच्या प्रवाशांना विमानप्रवासाबद्दल विचारलं. अपघाताचा जागेपणी आलेला विचार आणि आदल्या रात्री पडलेलं त्याचं स्वप्न, यांपैकी स्वप्नच बेत बदलायला जास्त भाग पाडेल, असं त्यांना वाटलं.

बाबांचं स्वप्न पडलं त्या सकाळी मीही माझ्या भावाला फोन लावला. बाबांच्या सायकलचा विषय दोघंही टाळत होतो. ती भंगारात द्यायची नाही, नव्या ट्यूब घालून त्याच्या मुलाने चालवायची, असं ठरलं.