ही बाई चालते कशी ते बघा!

झान मोरो. फ्रेंच नटी. नाव लिहून ठेवा. फिल्म सोसायटीत केस पांढरे केलेली मंडळी हे वाचून हसणार, "आत्ता कळलं होय तुला?" असं विचारणार. हो, आत्ता कळलं! चाळिशी उलटल्यावर कळलं! पण तिचे अजून कितीतरी सिनेमे बघायचे शिल्लक आहेत, या कल्पनेनेच मला सध्या इतकं श्रीमंत वाटतंय की हसणाऱ्यांना खुशाल हसू दे.

सुरुवात झाली 'एलिव्हेटर टू द गॅलोज'पासून. 1958 चा सिनेमा. दिग्दर्शक लुई माल, वय 25, पहिलाच कथापट. गोष्ट तशी सरळ रहस्यपटाची. बड्या उद्योगपतीची बायको फ्लोरान्स (म्हणजे मोरो) आणि तिचा प्रियकर मिळून नवऱ्याचा काटा काढायचा ठरवतात. खून उरकतो, पण प्रियकर लिफ्टमध्ये अडकतो, कारण शनिवार आहे आणि रखवालदार वीज बंद करून घरी गेलाय. इकडे फ्लोरान्स त्याची वाट बघतेय. समोरून त्याची गाडी जाते आणि गाडीत दिसते एक कोवळी पोरगी. गाडी चोरीला गेलीय हे तिला कुठून ठाऊक असणार? ती उठते आणि रात्रभर पॅरिसच्या रस्त्यांवर त्याला शोधत फिरते.

बस्स. फिरते. एवढंच करते ती, आणि मी वेडी झाले.

काय चालते ही बाई! गाड्यांच्या मधून, पावसात, केस भिजून कपाळाला चिकटलेले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. रडणं नाही, हात पिळणं नाही. चेहऱ्यावर राग येतो, जातो, मागून आशा येते, तीही जाते, आणि पावलं मात्र थांबत नाहीत. नंतर हा प्रसंग कसा चित्रित केला ते वाचलं आणि पुन्हा लावून बघितला. कॅमेरामन आंरी दकाए याने कॅमेरा चक्क बाळाच्या ढकलगाडीत ठेवला होता. जास्त संवेदनशील फिल्म वापरली आणि शाँझेलिझेवरच्या दुकानांच्या काचांतून, कॅफेंतून येईल तेवढ्या उजेडात शूटिंग केलं. चेहऱ्यावर मेकअपही नाही!

यातला शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. मोरो तेव्हा 29 वर्षांची होती आणि डझनाहून जास्त सिनेमे करून बसली होती. पण त्या सिनेमांना तिचं काय करावं ते समजतच नव्हतं. ओठांच्या कडा खाली वळलेल्या, डोळ्यांखाली सावल्या. सिनेमात चालणारा चेहरा नाही, असं धंद्यातल्या लोकांनी ठरवून टाकलेलं, मग त्यावर थापायचे मेकअपचे थर. माल आणि दकाए यांनी ते थर धुऊन काढले. लॅबमधल्या तंत्रज्ञांनी ती रिळं बघितली आणि ते थेट निर्मात्याकडे तक्रार घेऊन गेले, की ही माणसं आपल्या नायिकेचा सत्यानाश करताहेत! मला त्या तंत्रज्ञांना आज गाठून विचारायचंय, "अहो, नीट बघितलंत का?"

आणि संगीत माइल्स डेव्हिसचं. डिसेंबर 1957 मधली एक रात्र. पडद्यावर सिनेमाचे तुकडे पुन्हा पुन्हा चालताहेत, डेव्हिस आणि त्याचे साथीदार ते बघत बघत जागच्या जागी वाजवताहेत, आणि खुद्द मोरो स्टुडिओत हजर राहून सगळ्यांना पेयं देतेय. तो ट्रंपेट तिच्या चालण्याला साथ करतो की ती ट्रंपेटच्या लयीत चालते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गंमत म्हणजे अख्ख्या सिनेमात हे दोन प्रेमिक एकदाही समोरासमोर येत नाहीत. ते एकत्र दिसतात ते फक्त फोटोंत. तरी त्यांच्या प्रेमाबद्दल तुम्हाला तिळमात्र शंका येत नाही, कारण ते सगळं हिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

ही आली कुठून? जन्म 1928 चा, पॅरिसचा. वडील फ्रेंच, मोंमार्त्रमध्ये रेस्टॉरंट चालवणारे, आई इंग्लिश नर्तिका. विशीतच कोमेदी-फ्रान्सेझ या मानाच्या नाट्यसंस्थेत दाखल. म्हणजे रंगभूमीने तिला केव्हाच ओळखलं होतं, सिनेमालाच उशीर झाला. मालनेही तिला आधी नाटकातच पाहिलं होतं. आपल्याकडे त्या काळी तिशीला टेकलेल्या नटीला वहिनीची भूमिका मिळाली असती, इथे तिशीत कारकीर्द उघडली.

उघडली म्हणजे कशी! लगेच मालचाच 'द लव्हर्स'. तो अमेरिकेत दाखवला म्हणून ओहायोतल्या एका थिएटर मॅनेजरला 2500 डॉलर दंड झाला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1964 मध्ये न्यायालयाने सिनेमा अश्लील नाही असा निकाल दिला. न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी अश्लीलतेची व्याख्या करायचं टाळलं, पण बघितली की मला ओळखू येते, आणि हा सिनेमा तसा नाही, असं म्हटलं. ते विधान आजही उद्धृत होतं, मोरोचा सिनेमा मात्र किती जणांनी पाहिलाय कोण जाणे.

मग अंतोनियोनीचा 'ला नोत्ते' (1961). त्यालाही बहुधा हिच्या चालण्याचीच भुरळ पडली असावी, कारण इथे ती मिलानभर भटकते. वाटेत हाताने भिंतीचा पोपडा काढते, मारामारी करणाऱ्या पोरांवर ओरडते. या भटकंतीत संसार संपल्याचं एका शब्दाने सांगत नाही आणि आपल्याला सगळं कळतं.

आणि त्रुफोचा 'जूल्स अँड जिम' (1962)! पुलावरची धावण्याची शर्यत तुम्ही कुठे ना कुठे बघितली असेलच. टोपी, रंगवलेली मिशी, आणि आकडे मोजून व्हायच्या आधीच पळ काढणारी लबाड कॅथरीन. पण मला वेड लावलं ते त्यातल्या तिच्या गाण्याने. शेजारी गिटार घेऊन बसलाय तो या गाण्याचा कर्ता सर्ज रेझवानी. गाता गाता ती दोन कडव्यांची अदलाबदल करते, तिच्या ते लक्षात येतं आणि बोटाने हवेत एक छोटीशी खूण करते, चुकलं बरं का! त्रुफोने तोच टेक ठेवला. ते बोट बघण्यासाठी मी रिवाइंड करत बसते. पट्टीचं गाणं नव्हे ते, पण सिगारेटने खरवडलेला तो आवाज कानातून हलत नाही.

झाक दमीच्या 'बे ऑफ एंजल्स'मध्ये ती पांढऱ्याफेक सोनेरी केसांची जुगारी जॅकी आहे. मूल सुटलं, नवरा सुटला, रुलेटचं चाक मात्र सुटत नाही. बुन्युएल आणि ऑर्सन वेल्स यांनीही तिला घेतलं. बार्दोबरोबरचा 'व्हिवा मारिया' मला फारसा नाही आवडला, दोघींचा दंगा बघायला बरा. 1976 मध्ये ती स्वतः दिग्दर्शकही झाली. 2000 साली फ्रान्सच्या ललित कला अकादमीवर निवडून आलेली ती पहिली स्त्री. 31 जुलै 2017 रोजी, 89 व्या वर्षी ती गेली. म्हणजे मी चांगली कळती असताना ती जगात होती आणि मला पत्ता नव्हता!

तर आता माझं ऐका. आधी 'एलिव्हेटर' बघा. रात्री बघा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि आवाज चांगला मोठा ठेवा. आवडला नाही तर मला येऊन भांडा, आणि आवडला तर दुसऱ्या दिवशी 'बे ऑफ एंजल्स' लावा.