दहा यार्डांचं गणित

मंडळी, आपल्या भागातल्या मराठी घरांत कोकणस्थ-देशस्थ हा वाद आता फारसा उरलेला नाही. उरलाय तो हिरव्या आणि निळ्या जर्सीचा. फिलाडेल्फियाच्या आसपास राहणारे आपण ईगल्सवाले, आणि उत्तर न्यू जर्सीतले आपले भाऊबंद जायंट्सवाले. मधले एडिसनकर कोणत्या बाजूला, हे समोर बसलेल्या माणसावर अवलंबून असतं. अशा परिस्थितीत मार्च २०२४ मध्ये जायंट्सचा लाडका रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली ईगल्सकडे आला, तेव्हा दोन्हीकडच्या मराठी घरांत काय झालं असेल, याची कल्पना तुम्हीच करा. आमचे एक जायंट्सवाले स्नेही त्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला आले आणि श्रीखंड नको म्हणाले!

ज्यांना या खेळातलं काही कळत नाही (आणि सुपर बोलच्या पार्टीला जे फक्त बटाटेवड्यांसाठी येतात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मला हा खेळ कबड्डीमुळे समजला. आमच्या सांगलीकडे कबड्डी म्हणजे जीव की प्राण. इथेही समोर भिंत उभी असते आणि एक गडी तिच्यात शिरतो. बॉल ज्यांच्याकडे आहे, त्यांना चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले, की पुन्हा चार डाव. क्वार्टरबॅक एकतर बॉल लांब फेकतो किंवा शेजारच्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. रनिंग बॅकच्या पुढे पाच अगडबंब माणसांची ओळ असते. तिला म्हणतात ऑफेन्सिव्ह लाईन. ही ओळ फट पाडते आणि बॅक त्या फटीतून घुसतो. बहुतेक वेळा तीन-चार यार्डांवर त्याच्या अंगावर तिघं-चौघं पडतात. तो उठतो आणि पुन्हा तिथेच जातो. माझी आई गेल्या खेपेला इथे होती तेव्हा म्हणाली, "अरे, या पोराला दुसरा रस्ता सांगत का नाहीत?"

मी २००२ साली मास्टर्स करायला फिलाडेल्फियात आलो. त्याच वर्षी ईगल्सनं ब्रायन वेस्टब्रुक नावाचा बुटकासा रनिंग बॅक घेतला. कोच होते अँडी रीड. रीडसाहेबांना धावण्यापेक्षा फेकण्याची हौस जास्त. त्यामुळे वेस्टब्रुक धावायचा त्याहून बॉल झेलायचा जास्त, असं आम्हा विद्यार्थ्यांना वाटायचं. २००७ मध्ये त्यानं ९० झेल घेतले आणि धावून व झेलून मिळून २१०४ यार्ड काढले, लीगमध्ये सर्वांत जास्त. एकाच माणसाला किती वेगवेगळी कामं देता येतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

पण पुढच्या पंधरा वर्षांत हवा फिरली. संगणकावर आकडेमोड करणाऱ्यांनी (म्हणजे आमच्याच जातकुळीच्या लोकांनी!) सिद्ध केलं, की फेकल्यानं यार्ड जास्त मिळतात आणि रनिंग बॅक कोणीही असला तरी फारसा फरक पडत नाही. त्याचे गुडघे लवकर झिजतात, सत्ताविसाव्या वर्षी तो म्हातारा होतो, त्याच्यावर पैसे घालू नका. मार्च २०२३ मध्ये जायंट्सनं आपल्या क्वार्टरबॅकला चार वर्षांसाठी १६ कोटी डॉलर्सचा करार दिला. बार्कलीला मात्र दीर्घ मुदतीचा करार मिळाला नाही, त्याला एकेका वर्षावर ठेवलं. त्या जुलैमध्ये लीगमधल्या नावाजलेल्या रनिंग बॅक मंडळींनी झूमवर एकत्र येऊन आपलं गाऱ्हाणं मांडलं.

तोच महिना माझ्याही लक्षात राहिला आहे. एका क्लायंटकडे मी साडेतीन वर्षं काम करत होतो. जुनी प्रणाली नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायची होती. रात्री दोनला फोन आला तरी उचलला होता. वय चव्वेचाळीस. एका सकाळी वीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये कळलं, की माझी 'भूमिका' आता कमी खर्चात भरून निघेल. माझं नाव कुणी घेतलं नाही, 'रिसोर्स' हाच शब्द सगळीकडे होता. संध्याकाळी रनिंग बॅक लोकांच्या त्या झूम बैठकीची बातमी वाचली आणि हसावं की रडावं ते कळेना. लक्षाधीश खेळाडू आणि मी! पण प्रश्न एकच होता: रोज ओझं वाहणाऱ्या माणसाची किंमत कुणी आणि कशी ठरवायची?

आता ईगल्सकडे वळू. २०२३ मध्ये त्यांनी पहिल्या अकरापैकी दहा सामने जिंकले आणि मग गाडी अशी घसरली, की प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात टँपा बेनं त्यांना ३२-९ असं घरी पाठवलं. मग आक्रमणाची सूत्रं केलन मूर या नव्या माणसाकडे दिली. त्यापाठोपाठ बार्कली आला, तीन वर्षांच्या करारावर. वय सत्तावीस, म्हणजे आकडेवाल्यांच्या हिशेबानं उतरणीला लागलेला.

मूर यांच्या आक्रमणात या बॅकचा उपयोग कसा झाला, हे बघण्यासारखं आहे. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्वतः उत्तम धावणारा. तो बॉल बार्कलीच्या पोटाशी धरतो आणि सोडायच्या आधी टोकाच्या बचावपटूकडे बघतो. तो बचावपटू बार्कलीच्या मागे धावला, तर हर्ट्स बॉल स्वतःकडेच ठेवून मोकळ्या बाजूनं पळतो. तो जागेवर थांबला, तर बॉल बार्कलीला. म्हणजे त्या एका गड्याला कुणी हातही न लावता खेळातून बाद केलं! चढाईपटूनं एका कोपऱ्याला हूल द्यावी आणि दुसऱ्या कोपऱ्यातून गुण घ्यावा, तसंच हे. शिवाय दोन्ही बाजूंना ए. जे. ब्राऊन आणि डेव्हॉन्टा स्मिथ हे झेल घेणारे. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, तर मधल्या भिंतीतली माणसं कमी करावी लागतात. आणि मधे ती पाच माणसांची ओळ. तिला घडवणारे जेफ स्टाउटलंड, आणि तिच्यात रग्बी सोडून आलेला ऑस्ट्रेलियन जॉर्डन मायलाटा.

सुरुवात काही फार शुभ नव्हती. पहिल्या सामन्यात, ब्राझीलमध्ये, बार्कलीनं तीन टचडाऊन केले खरे. पण दुसऱ्याच सामन्यात अटलांटाविरुद्ध त्याच्या हातातून एक सोपा झेल सुटला आणि हातातला सामना २२-२१ असा गेला. पहिल्या चारांत दोन हार. मग एक आठवडा सुट्टी आली आणि त्यानंतर ईगल्सनं फेकणं कमी करून धावणं वाढवलं. सगळं जग फेकत असताना या संघानं त्या मोसमात लीगमध्ये सर्वांत कमी पास टाकले. उरलेल्या तेरा सामन्यांत हार फक्त एक!

बार्कलीचे आकडे ऐका. १६ सामने, ३४५ धावा (क्रिकेटच्या नव्हेत), २००५ यार्ड. एका मोसमात दोन हजार गाठणारा लीगच्या इतिहासातला तो नववा खेळाडू. रॅम्सविरुद्ध एकाच रात्री २५५ यार्ड. जॅक्सनव्हिलविरुद्ध तर तो पाठमोरा उडी मारून एका बचावपटूच्या डोक्यावरून गेला. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी ते करून पाहिलं आणि दोन घरांत आयोडेक्सची बाटली उघडावी लागली.

आमच्या घरात मात्र यावर वाद पेटला. मुलगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. ती म्हणाली, "बाबा, यात बार्कलीचं काही नाही. सगळं त्या लाईनचं आहे."

मी म्हटलं, "मग २०२३ मध्ये याच ईगल्सकडे डीआंड्रे स्विफ्ट होता. त्याचे यार्ड किती? १०४९. बार्कलीनं जवळजवळ दुप्पट केले."

"आणि बार्कलीचे त्याच वर्षी जायंट्सकडे किती होते? ९६२! म्हणजे लाईन नसली की तोही साधाच ना?"

दोघांचेही आकडे खरे होते, त्यामुळे वाद मिटण्याचं चिन्ह दिसेना. वाती वळत बसलेली आई म्हणाली, "अरे, हळद पिवळी आणि चुना पांढरा. एकत्र केले, की लाल होतं. मग तो लाल रंग हळदीचा की चुन्याचा, असं कुणी भांडत बसतं का?" मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आजी, आमच्या पुस्तकात याला इंटरॲक्शन म्हणतात, आणि त्याला एक अख्खं प्रकरण आहे."

आईचं हे वाक्य माझ्या डोक्यात फार दिवस राहिलं, कारण मी तोवर माझ्या त्या गेलेल्या कामाचा हिशेब एकट्याचा मांडत होतो. मला किती येतं, माझ्याकडे किती सर्टिफिकेट्स, माझा ताशी दर किती. पुढे-मागे कोण उभं होतं, हे त्या हिशेबात नव्हतंच.

त्या मोसमातल्या दोन गोष्टी मला २००५ या आकड्याहून मोठ्या वाटतात. पहिली म्हणजे शेवटचा साखळी सामना. एरिक डिकरसननं १९८४ मध्ये २१०५ यार्डांचा विक्रम केला होता. तो मोडायला बार्कलीला हवे होते फक्त १०१ यार्ड, आणि समोर कोण, तर त्याचाच जुना संघ जायंट्स! पण ईगल्सचं प्लेऑफमधलं स्थान पक्कं झालं होतं, म्हणून कोच निक सिरियानी यांनी त्याला विश्रांती दिली. चाळीस वर्षांचा विक्रम हाताशी असताना तो बाकावर बसला. पुढे महिनाभर त्या ताज्या पायांचा संघाला केवढा उपयोग झाला! बर्फात रॅम्सविरुद्ध २०५ यार्ड, आणि पुढच्या सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध त्याच्या पहिल्याच धावेत ६० यार्डांचा टचडाऊन.

दुसरी गोष्ट सुपर बोलची. तारीख ९ फेब्रुवारी २०२५, बार्कलीचा अठ्ठाविसावा वाढदिवस. समोर कॅन्सस सिटी, आणि त्यांचे कोच आपले जुने रीडसाहेब. त्यांच्या बचावानं ठरवलं होतं, की काही झालं तरी या माणसाला पळू द्यायचं नाही. पळू दिलंही नाही. २५ वेळा धावून त्याला मिळाले जेमतेम ५७ यार्ड. पण सगळे त्याच्याकडे बघत असताना हर्ट्सनं बॉल फेकून सामना काढला, आणि ईगल्स ४०-२२ जिंकले. वर्षभरातला त्याचा एक अत्यंत रूक्ष आकडा, आणि तोच सर्वांत मोठा दिवस. पंचवीस वेळा भिंतीवर आदळून त्यानं दुसऱ्यांसाठी जागा करून दिली, ती कुठल्या रकान्यात लिहायची?

महिन्याभरात ईगल्सनं त्याचा करार वाढवला, वर्षाला दोन कोटी डॉलर्सहून अधिक. एवढे पैसे त्याआधी कुठल्याही रनिंग बॅकला मिळाले नव्हते. आकडेवाले हरले, असं म्हणून मी मुलीला पेढा देणार होतो. पण थांबलो ते बरं झालं. मूर न्यू ऑर्लिन्सचे मुख्य कोच म्हणून गेले, लाईनमधला मेकाय बेक्टन दुसरीकडे गेला, बाकीचे मोठे खेळाडू जखमी होत राहिले. २०२५ च्या मोसमात तोच बार्कली, तेच पाय, पण यार्ड झाले हजाराच्या थोडे पुढे. मुलीनं मला फक्त एक मेसेज पाठवला: "चुना संपला."

तिचं म्हणणं मला पटतं, आणि तरीही पूर्ण पटत नाही. चुना संपला तरी हळद हळदच राहते. पण कुंकू हवं असेल, तर दोन्ही जपावं लागतं, हे आमच्या धंद्यात फार कमी व्यवस्थापकांना उमगतं.

गेल्या वर्षी माझ्यापुढे दोन कामं आली. एकात ताशी दर बराच जास्त, पण टीममध्ये ओळखीचं कुणी नाही, सगळं एकट्यानं ओढायचं. दुसऱ्यात दर कमी, पण जुन्या प्रोजेक्टमधले तिघंजण तिथे आधीच होते. एक तेलुगू, एक आयरिश आणि एक नागपूरकर. मुलीची फी भरायची आहे, घराचे हप्ते आहेत, सेहेचाळिसाव्या वर्षी कमी दर घेणं सोपं नसतं. बायकोबरोबर दोन रात्री हिशेब केला आणि दुसरं काम घेतलं. ते किती टिकेल, सांगता येत नाही. पण रात्री दोनला फोन आला, तर आता तो चौघांपैकी कुणीतरी उचलतो.

असो. येत्या सप्टेंबरात पुन्हा मोसम सुरू होईल. तेव्हा माझी एक विनंती आहे. सामना लावलात, तर एखादा डाव बॉलकडे न बघता २६ नंबरकडे बघा. बॉल त्याच्याकडे नसतानाही तो काय करतो, हर्ट्सच्या अंगावर धावून येणाऱ्या त्याच्या दीडपट माणसाला तो छातीवर कसा घेतो, ते बघा. समालोचक त्याबद्दल क्वचितच बोलतो. आमच्याकडे बघायला आलात तर आणखी छान. वडे आहेतच. जायंट्सवाल्यांनाही आमंत्रण आहे, श्रीखंडासकट!