सोंगातली गावकी

वाचकहो, बोहाड्यातली सोंगं तुम्ही पाहिली असतील. एकदा मुखवटा चढला की शेजारचा सदू सदू राहत नाही, रावण होतो. त्या वेळी कोणी त्याला ‘सदू, उसने पैसे कधी देतोस?’ असं विचारत नाही. सोंगाचा हा रिवाज आता देशोदेशींची पोरं संगणकावर पाळतात, असं सांगितलं तर तुम्हांला नवल वाटेल.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. सुटीवर आला की रात्री जेवणं आटोपून तो खेळायला बसतो. यंदाच्या उन्हाळ्यात मी चार-पाच रात्री शेजारी बसून सगळं समजावून घेतलं.

खेळाचं नाव ‘डे-झी’. न्यूझीलंडच्या लष्करात काम केलेल्या डीन हॉल यांनी २०१२ साली तो एका जुन्या युद्धखेळाला जोड म्हणून तयार केला. ब्रुनेईच्या जंगलात लष्करी शिक्षण घेताना त्यांनी भूक काय असते ते सोसलं होतं, त्यातून ही कल्पना निघाली. पुढं एका चेक कंपनीनं तो स्वतंत्र खेळ केला आणि २०१८ साली तो पूर्ण होऊन बाहेर आला.

खेळातला मुलूख सव्वादोनशे चौरस किलोमीटरचा. रोगाची साथ येऊन बहुतेक माणसं पिसाळलेली. तुम्ही समुद्रकाठी उभे, अंगावर कपडे आणि हाती किरकोळ चीजवस्तू. भूक लागते, तहान लागते, भिजलं की थंडी भरते. ओसाड गावातल्या हातपंपावर पाणी मिळतं. जमीन खणून टोमॅटो, मिरची, भोपळा लावता येतो. मेलात की सारं गेलं, पुन्हा समुद्रकाठ.

समोर दुसरा माणूस दिसतो तोही कुठल्या तरी देशात बसलेला खराखुरा माणूस असतो. तिथं सरकार नाही, पोलीस नाही. मग व्हायचं तेच होतं. ‘तो मला मारील, त्याआधी मीच मारतो’ म्हणून दिसताक्षणी गोळी. पिसाळलेल्यांपेक्षा शहाण्यांचीच भीती जास्त!

याला कंटाळून काही खेळाडूंनी आपली मैदानं वेगळी केली आणि स्वतःच कायदे घातले. अशा मैदानात सोंग घ्यावं लागतं. कोणी डॉक्टर, कोणी शेतकरी, कोणी दरोडेखोरसुद्धा. बऱ्याच ठिकाणी सोंगाचं नाव, गाव, मागचं आयुष्य लिहून द्यायचं आणि नियम पाठ आहेत हे दाखवायचं, तेव्हा प्रवेश मिळतो.

मैदानागणिक नियम थोडेफार बदलतात, पण चार बहुतेक ठिकाणी आढळतात. पहिला, जीव खरा समजायचा. कोणी बंदूक रोखली तर हात वर करायचे, उगाच शौर्य नाही. दुसरा, गोळी झाडण्याआधी बोलायचं. काय हवं ते सांगायचं आणि समोरच्याला उत्तर द्यायला सवड द्यायची. तिसरा, बाहेर कळलेली गोष्ट सोंगाला ठाऊक नाही असं धरायचं. चौथा, मेलात तर नवा जन्म. मारणारा कोण हे विसरायचं, सूड घ्यायला परत जायचं नाही. नियम मोडला तर तक्रार होते, दोन्ही बाजू ऐकतात, चित्रफीत तपासतात आणि दोषी माणसाला काही दिवस किंवा कायमचं बाहेर काढतात. हे पंच बहुधा बिनपगारी असतात.

पुतण्याचं सोंग शेतकऱ्याचं. एका रात्री दोन दरोडेखोर त्याच्या वाफ्यापाशी आले. दोघं इंग्रजीत दरडावून बोलत होते. त्यानं हात वर केले. त्यांनी डबे घेतले, कुऱ्हाड घेतली. भोपळ्याचं बी मात्र परत टाकलं आणि म्हणाले, ‘हे पेर, आम्हाला पुन्हा यायचंय.’ मी हसलो. पण विचार केला, बोलण्याचा नियम नसता तर तिथं एक मुडदा पडला असता आणि वाफा सुकला असता.

मंडळी, आता घरचं सांगतो. आमच्या शिवारात एक बांध आहे. सव्वीस वर्षांपूर्वी त्यावरून माझा थोरला भाऊ आणि आमचा चुलतभाऊ यांच्यात कुऱ्हाडी निघाल्या. आधी बांध कोरला गेला, बोलणं नंतर झालं. दोघंही आज हयात नाहीत. पण त्यांची मुलं एकमेकांच्या दारात जात नाहीत, सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळीपुरतं बोलतात. माझा पुतण्या त्यांतलाच एक. परक्या मुलखातल्या वैऱ्याला तो नियमानं विसरतो, चुलतभावाला विसरत नाही. मी त्याला हे तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, तिथं दोघांनी आधी नियम कबूल केलेला असतो.’

त्याचं म्हणणं खोटं नाही. एकट्यानं पाळून नियम होत नाही. म्हणून पाडव्याला दोन्ही घरच्या मुलांना माझ्या ओसरीवर बोलावणार आहे. मोजणी नंतर, आधी बोलणं.

तुमच्याही घरात कोणी असे खेळ खेळत असेल. जागरणाला जरूर आळा घाला. पण त्याआधी त्याला जवळ बसवून विचारा, ‘बाबा, तुमच्या खेळात नियम कोणते?’ आणि तो सांगेल ते पुरतं ऐकून घ्या.