झेल कोणाचा?

ज्या कामाला अनेकांचे हात लागतात त्याचा हिशेब एकाच माणसाच्या नांवावर मांडण्याची आपणां सर्वांना मोठी हौस आहे. परीक्षेचा निकाल लागला कीं मुलगा हुशार किंवा मठ्ठ ठरतो. त्याला शिकविणारा शिक्षक, अभ्यासाच्या वेळीं घरांत शांतता राखणारी आई आणि उत्तरें तपासणारा परीक्षक हीं तिघेंही त्या गुणांत कोठेंतरी असतात; परंतु गुणपत्रिकेंत त्यांच्यासाठीं रकाना नसतो. तर्कशास्त्र शिकविण्यांत आयुष्याचीं पंचवीस-तीस वर्षें गेल्यामुळें ‘अमुक कार्याचें कारण कोणतें?’ असें विचारण्याची खोड मला जडली आहे. या खोडीला गेल्या हिवाळ्यांत एक अगदींच अनपेक्षित खाद्य मिळालें. तें म्हणजे अमेरिकन फुटबॉल.

माझा भाचा अमेरिकेंत ॲरिझोना राज्यांत फिनिक्स शहराजवळ राहतो. २००८ सालीं तो तेथें विद्यार्थी म्हणून गेला आणि त्याच हंगामांत तेथील ‘कार्डिनल्स’ हा संघ अंतिम सामन्यापर्यंत जाऊन पोहोंचला. परक्या मुलखांत एकट्यानें काढलेल्या पहिल्या वर्षीं ज्या गोष्टीचा आधार वाटतो ती माणसाला पुढें सुटत नाहीं. त्याच्या मनांत त्या संघानें, विशेषतः लॅरी फिट्झजेरल्ड या खेळाडूनें, कायमचें घर केलें. मी त्याच्याकडे तीन महिने राहिलों, तेव्हां रात्रीं जेवणें झालीं कीं तो मला जुने सामने दाखवीत बसे.

या खेळाचें नांव फुटबॉल असलें तरी चेंडू बहुतेक वेळ हातांतच असतो. अकरा अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावयाचें, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाकडे जावयाचा, असा मूळ नियम. क्वार्टरबॅक म्हणून जो नायक असतो तो चेंडू घेऊन दोन-चार पावलें मागें सरतो. त्याच्या पुढें धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहून शत्रूला थोपवितात. आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत रिसीव्हर हा ठरलेल्या वाटेनें धांवत जाऊन, ठरलेल्या जागीं वळून, त्यानें फेंकलेला चेंडू झेलतो. तो शेवटच्या रेषेपलीकडे नेला कीं टचडाऊन होऊन सहा गुण मिळतात.

हिशेबाची मौज आहे ती यापुढेंच. साठ यार्डांची फेंक साधली तर ते साठ यार्ड फेंकणाऱ्याच्या खात्यावर चढतात आणि तेच साठ पुन्हां झेलणाऱ्याच्या खात्यावरही चढतात. क्रिकेटच्या धावफलकावर ‘झेल अमुक, गोलंदाज तमुक’ अशीं दोन नांवें एकाच ओळींत येतात, तशी येथें ओळ एक राहत नाहीं. वह्याच दोन होतात. मग झेलणाऱ्याची वही उघडून पाहणाऱ्याला फेंकणारा दिसत नाहीं. आणि फेंक चुकली तर? रिसीव्हर कितीही सुंदर धांवला, कितीही मोकळा सुटला, तरी त्याच्या वहींत झेल नाहीं आणि यार्डही नाहींत.

आतां फिट्झजेरल्डची वही पाहूं. २००८ सालीं कर्ट वॉर्नर हा अनुभवी क्वार्टरबॅक फेंकणारा असतांना त्यानें ९६ झेल, १,४३१ यार्ड आणि १२ टचडाऊन मिळविले. त्या हंगामाच्या बाद फेरीच्या चार सामन्यांत तर ५४६ यार्ड व ७ टचडाऊन, असा विक्रमच त्यानें केला. २०१० च्या जानेवारींत वॉर्नर निवृत्त झाला. पुढें २०१२ च्या एकाच हंगामांत त्या संघानें चार निरनिराळे क्वार्टरबॅक मैदानांत उतरविले; आणि फिट्झजेरल्डच्या नांवावर राहिले ७१ झेल, ७९८ यार्ड आणि ४ टचडाऊन. वय अवघें एकोणतीस. तरी ‘आतां त्याचा काळ संपला’ असें बोलणारे निघालेच. भाचा मला म्हणाला, “मामा, तुम्हीच सांगा, माणसाचे हात असे एका वर्षांत बिघडतात का?”

प्रश्न भावनेचा होता. पण तर्काला तो सोडवितां येण्याजोगा होता. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कग्रंथांत कार्यकारणभाव शोधण्याच्या ज्या रीती सांगितल्या, त्यांतील दोन मुख्य रीतींना आपण अन्वय आणि व्यतिरेक या आपल्या जुन्या नांवांनीं ओळखतों. बाकी सर्व परिस्थिति तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि काय होतें तें पाहावें, हा व्यतिरेक. माणसांवर असा प्रयोग सहसा करतां येत नाहीं. परंतु मैदानावर तो कधीं कधीं आपोआप घडतो.

रँडी मॉस याचेंच उदाहरण घ्या. २००६ सालीं ओकलंडच्या दुबळ्या संघांत तो ४२ झेल, ५५३ यार्ड व ३ टचडाऊन एवढ्यावरच थांबला. तोही तेव्हां एकोणतीस वर्षांचाच होता. पुढच्या वर्षीं न्यू इंग्लंडच्या संघानें त्याला जवळजवळ मोडीच्या भावानें घेतलें. तेथें टॉम ब्रेडी फेंकणारा होता. त्या २००७ च्या हंगामांत मॉसनें ९८ झेल, १,४९३ यार्ड आणि २३ टचडाऊन केले. एका हंगामांत इतके टचडाऊन तोपर्यंत कोणाही रिसीव्हरनें केले नव्हते. पण संघ, शिक्षक, सोबती, सर्वच बदललें असल्यामुळें याला शुद्ध व्यतिरेक म्हणतां येणार नाहीं. शुद्ध व्यतिरेक घडला तो २००८ मध्यें. पहिल्याच सामन्यांत ब्रेडीचा गुडघा दुखावला आणि मॅट कॅसल या राखीव खेळाडूला उभें राहावें लागलें. संघ तोच, शिक्षक तोच, रिसीव्हर तोच. फेंकणारा तेवढा बदलला. मॉसचे यार्ड १,४९३ वरून १,००८ वर आणि टचडाऊन २३ वरून ११ वर आले.

एवढ्यावर थांबलों असतों तर निकाल सोपा होता. परंतु त्याच संघांत वेस वेल्कर नांवाचा दुसरा रिसीव्हर होता. ब्रेडी असतां त्याचे झेल ११२ आणि यार्ड १,१७५. ब्रेडी नसतां झेल १११ आणि यार्ड १,१६५! एकाच बदलानें एकाची कमाई तिसऱ्या हिश्शानें उतरावी आणि दुसऱ्याला त्याचा स्पर्शही होऊं नये, याचें कारण काय? कारण दोघांच्या कामांत आहे. मॉस दूरवर धांवे. त्याच्यापर्यंत चेंडू पोहोंचावयाचा तर फेंकणाऱ्याचा हात, नजर आणि धीर हीं तिन्ही असामान्य हवींत. वेल्कर जवळच्या जवळ वळून आंखूड फेंक घेई. तशी फेंक साधारण तयारीच्या माणसालाही साधते. तेव्हां क्वार्टरबॅकचा परिणाम होतो एवढेंच म्हणून भागत नाहीं; कोणत्या कामावर होतो तेंही विचारावें लागतें.

आणखी एक गंमत भाच्याच्या लक्षांत मीं आणून दिली. २००७ च्या पूर्वीं ब्रेडीनें एका हंगामांत २८ पेक्षां अधिक टचडाऊन कधींच फेंकले नव्हते. मॉस आल्यावर ते ५० झाले. म्हणजे ब्रेडीमुळें मॉस वर चढला हें खरें, आणि मॉसमुळें ब्रेडीही वर चढला हेंही तितकेंच खरें. टाळी एका हातानें वाजत नाहीं, एवढें आपण सर्वच जाणतों. पण टाळीचा आवाज उजव्या हाताच्या खात्यावर मांडावा कीं डाव्या, हें मात्र कोणीच सांगत नाहीं.

आतां अन्वय. निरनिराळ्या परिस्थितींत एकच गोष्ट समान असेल आणि कार्यही समान घडेल, तर कारण त्या समान गोष्टींत शोधावें. २०१५ सालीं ह्यूस्टनच्या संघांत एकामागून एक चार क्वार्टरबॅक आले, आणि त्यांतला एकही पहिल्या प्रतीचा नव्हता. तरी डिआँड्रे हॉपकिन्स यानें १११ झेल आणि १,५२१ यार्ड केले. येथें श्रेय रिसीव्हरचें, असें कोणीही म्हणेल. पण दुसऱ्याच वर्षीं नवा क्वार्टरबॅक आला आणि हाच हॉपकिन्स ७८ झेल व ९५४ यार्डांवर उतरला! इतकेंच काय, फिट्झजेरल्डच्या वहींतही २०११ चें पान आहे. वॉर्नर गेलेला, नवे फेंकणारे बेताचे, तरी त्या वर्षीं १,४११ यार्ड. भाचा हें पान मोठ्या अभिमानानें दाखवी, मीं त्याला म्हटलें, “अरे, हें पान तुझ्या बाजूचें नाहीं. केवळ क्वार्टरबॅकवरच सारें अवलंबून असतें तर २०११ मध्येंही तो पडावयास हवा होता.”

फेंकणाऱ्याच्या मागें आणखी एक माणूस असतो, तो म्हणजे आक्रमणाचा व्यूह रचणारा शिक्षक. १९६९ मध्यें सिनसिनाटीच्या संघांत ग्रेग कुक नांवाचा जबरदस्त हाताचा तरुण क्वार्टरबॅक होता. त्याचा खांदा जायबंदी झाला. त्याच्या जागीं आलेल्या व्हर्जिल कार्टरची फेंक अचूक, पण आंखूड. बिल वॉल्श हा तेथें साहाय्यक शिक्षक होता. त्यानें या उणीवेलाच अनुरूप असा व्यूह बसविला : फेंका आंखूड, वेळ मोजलेली, क्वार्टरबॅकचीं मागें सरण्याचीं पावलें आणि रिसीव्हरचीं धांवण्याचीं पावलें एकाच तालावर. रिसीव्हर वळण्यापूर्वींच चेंडू हातांतून सुटलेला असावयाचा. पुढें वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोस मुख्य शिक्षक झाला, आणि १९८५ मध्यें जेरी राईस त्याच्या हाताखालीं आला. राईसनें वीस हंगामांत २२,८९५ यार्ड मिळविले. दुसऱ्या क्रमांकावरील फिट्झजेरल्डचे यार्ड १७,४९२ आहेत.

मग राईस मोठा कीं वॉल्शचा व्यूह? कीं जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग हे त्याचे दोन थोर क्वार्टरबॅक? १९८६ मध्यें मोंटाना पाठीच्या शस्त्रक्रियेमुळें अर्धा हंगाम बाहेर होता. तरी राईसनें १,५७० यार्ड केले. म्हणून व्यूह थोर म्हणावा, तर त्याच व्यूहांत खेळलेल्या इतर कोणाच्याही नांवावर असे यार्ड नाहींत. सांख्यांनीं सांगितलेला अंधपंगुन्याय मला येथें आठवतो. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला आणि दोघांनीं मिळून वाट संपविली. त्यांत किती कोस पायांचे आणि किती डोळ्यांचे, हा प्रश्नच फोल आहे.

व्यूहानें आंकड्यांचें केवळ मोठेपण बदलत नाहीं, त्यांची जातही बदलते. २०१३ पासून ब्रूस एरियन्स या नव्या शिक्षकानें फिट्झजेरल्डला कडेच्या जागेवरून काढून आंतल्या बाजूस उभें केलें. २०१५ मध्यें, बत्तिसाव्या वर्षीं, त्यानें १०९ झेल घेतले. इतके त्यानें पूर्वीं कधीं घेतले नव्हते. पण २०११ मध्यें जेथें एका झेलामागें सरासरी साडेसतरा यार्ड पडत, तेथें आतां अकराच पडूं लागले. उलट डेट्रॉईटचा कॅल्व्हिन जॉन्सन पाहा. २०१२ मध्यें त्यानें १,९६४ यार्ड करून राईसचा १,८४८ यार्डांचा विक्रम मोडला. परंतु त्या वर्षीं त्याच्या क्वार्टरबॅकनें ७२७ वेळां चेंडू फेंकला होता, टचडाऊन अवघे ५ झाले, आणि संघानें सोळांपैकीं बारा सामने गमावले. विक्रम खराच होता. पण तो वाचावयाचा तर त्याच्या शेजारीं हे तीन आंकडे ठेवूनच वाचावा लागतो.

भाचा या वादांत इतका रंगून कां जातो, तें मला हळूहळू कळलें. तो ज्या कंपनींत काम करतो तेथील त्याचे जुने वरिष्ठ निवृत्त झाले होते, आणि नंतरच्या दोन वर्षांत तीन नवे आले. प्रत्येकानें कामाची पद्धत बदलली. याचें काम आंकड्यांत घटलें, आणि वार्षिक मूल्यमापनांत त्याला एक पायरी खालीं उतरविण्यांत आलें. लेखी उत्तर देण्यास त्याला मुदत मिळाली होती. तो फिट्झजेरल्डची बाजू मांडीत होता तेव्हां खरें पाहतां स्वतःचीच मांडीत होता. मी मामा असल्यामुळें ‘तुझी कांहीं चूक नाहीं’ एवढें म्हटलें असतें तर त्याला बरें वाटलें असतें. पण तर्कशास्त्राची एक अट फार कठोर आहे : जें प्रमाण आपण अपयशाला लावतों तेंच यशालाही लावावें लागतें. २०१२ चें अपयश एकट्या फिट्झजेरल्डचें नसेल तर २००८ चें यशही त्याच्या एकट्याचें नाहीं. “तुझ्या चांगल्या वर्षांत तुझ्या जुन्या वरिष्ठांचा वांटा किती होता, तें आधीं लिही,” मीं त्याला सांगितलें. “मग वाईट वर्षांतला इतरांचा वांटा लिहिण्याचा अधिकार तुला येईल.” तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. सुनेनें चहा आणला, तोही त्याच्यापुढें निवून गेला.

मग माणसाचें स्वतःचें असें कांहीं उरतच नाहीं काय? उरतें. चेंडू फेंकणें रिसीव्हरच्या हातीं नाहीं. पण ठरलेल्या पावलावर वळणें, चेंडू आपल्याकडे येणार नाहीं हें ठाऊक असतांही तितक्याच वेगानें धांवणें, सोबत्यासाठीं शत्रूला अडविणें आणि आलेला चेंडू हातांतून निसटूं न देणें, हें त्याच्या हातीं आहे. २०१२ चे सामने मीं या दृष्टीनें पुन्हां पाहिले. फेंका डोक्यावरून जात होत्या, पायांशीं पडत होत्या. आणि फिट्झजेरल्ड प्रत्येक वेळीं वाट पुरी धांवून परत येत होता. याची नोंद झेलांच्या रकान्यांत सांपडत नाहीं. त्यासाठीं सामना पाहावा लागतो, आणि पाहण्याला वेळ लागतो. आंकडे वाचण्याला वेळ लागत नाहीं; म्हणूनच मूल्यमापन करणाऱ्यांना ते प्रिय असतात.

भाच्यानें उत्तर लिहिलें. त्याचा पहिला अर्धा भाग निवृत्त झालेल्या वरिष्ठांनीं त्याला काय काय शिकविलें याविषयीं होता. उतरलेली पायरी कांहीं परत मिळाली नाहीं. मात्र तिसऱ्या नव्या वरिष्ठांनीं तें पत्र वाचून त्याला बोलावून घेतलें, आणि पुढील महिनाभर त्याचें काम त्याच्या शेजारीं बसून पाहण्याचें कबूल केलें, असें त्यानें मला परवांच कळविलें आहे.